मुंबईच्या मॅडमची मासोळी

वच्छे, तुझ्या तेरवीच्या पंगतीत बायका म्हणत होत्या, "मोठी गुणाची होती वो वच्छला, कधी कोणाले उलटून बोलली नाही." मी घास तोंडात तसाच धरून बसले. गुणाची! उलटून बोलली नाही! माझ्याशी दर उन्हाळ्यात तोंड सुजवून भांडायचीस ती कोण होती मग? माणूस गेलं की लोक त्याला गाईसारखं गरीब करून टाकतात. मला ती गरीब वच्छला नको. मला माझी भांडखोर, हट्टी, खोटारडी वच्छी पाहिजे, आणि ती आता कुठून आणू?

लिहायला बसले तर तुझं चिडवणंच आधी कानात येतं. "कमले, मास्तरीण झाली तशी लय शुद्ध बोलून राहिली. माह्यासंगं तरी सरळ बोल." काय करू बाई, लेखणी धरली की हात शाळेतलंच लिहितो. सांभाळून घे. तसंही तू आता काही म्हणू शकत नाहीस.

आपलं भांडण अर्धं राहिलं. गेल्या उन्हाळ्यात तू माझ्या लाखनीच्या खोलीवरून उठून गेलीस ती रागातच. मला वाटलं होतं, यंदा येशील तेव्हा पुन्हा तिथूनच सुरू करू. कावीळ मध्ये येईल असं कोणाच्या मनात होतं? पिवळे डोळे घेऊन तू दवाखान्याच्या खाटेवर पडलेली, आणि मी वेड्यासारखी मोसंबी सोलत बसले. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तुझ्या सासूच्या देखत कसं बोलणार? मोसंबीही तू खाल्ली नाहीस.

आणीबाणी उठली त्याच्या आसपासचे दिवस. आपण भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, होस्टेलच्या एका खोलीत. एका गावच्या, एकाच ढिवर मोहल्ल्यातल्या आपण दोघी. आपल्या आया एकाच तलावाची मासोळी टोपलीत घेऊन गावोगाव फिरायच्या. झूलॉजीच्या सरांनी वर्गात सांगितलं की मुंबईत एक मोठी संशोधनाची संस्था आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने ते कॉलेजची पोरं बोलावतात, प्रयोगशाळेत हाताशी धरून काम शिकवतात, राहणं-जेवण त्यांचंच. आजवर तिथं शहरातली, मोठ्या घरची पोरंच जात आली. यंदा त्यांनी काही जागा खेड्यातल्या, मागास समाजातल्या पोरापोरींसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. सर म्हणाले, "ज्यांच्या घरात अजून कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नाही, त्यांनी हात वर करा." एरवी ही गोष्ट आपण लपवत फिरायचो. त्या दिवशी आपण दोघींनी असे हात उंचावले की जणू बक्षीसच मिळणार होतं. आपल्याच हातांकडे बघून तू फसकन हसलीस.

जागा एकच होती. मार्क तुझे जास्त होते. सर मला म्हणाले, "कमल, वाईट वाटून घेऊ नको. वच्छलानं दोन उन्हाळे नीट काढले, तर त्यांना भरवसा वाटेल. मग तुझं नाव पाठवतो." मला वाईट वाटलंच. खोटं कशाला बोलू?

मोहल्ल्यात गहजब झाला. एकटी पोट्टी मुंबईले जाईन? परत येईन का? तिचं लगन कसं होईन? तुझा बाप तर तू रांगत होतीस तेव्हाच गेलेला. तुझी माय, आपली भागाकाकी, टोपली डोक्यावर ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "मासोळी पाण्यात सोडली म्हणजे बुडते का?" झालं, सगळ्यांची तोंडं बंद. वरठीच्या स्टेशनावर तुला गाडीत बसवताना तिनं डोळ्याला पदर लावला नाही. गाडी गेल्यावर मात्र जी बसली फलाटावर, ती मी उठवली तेव्हाच उठली.

परत आलीस तेव्हा काय होतीस तू! तलावाच्या पाळीवर उताणी पडून बोलायचीस, थांबायचंच नाव नाही. समुद्र म्हणे लय मोठा, पण तोंड धुवायच्याही कामाचा नाही. आणि ती दुर्बिणीसारखी काच, सूक्ष्मदर्शक, त्यात तू मासोळीचं अंडं पाहिलंस. "कमले, अंड्याच्या अंदर डोळे होते वो. बाकी अजून काहीच बनलं नव्हतं, नुसते डोळे. मले पाहून राहिले होते." दहादा तरी सांगितलंस. मी जळायची. पण तुझ्या सांगण्यानं ते अंडं मलाही दिसलं, आणि आज पोरांना शिकवते तेव्हा तुझ्याच डोळ्यांनी बघितलेलं शिकवते. हे तुला कधी बोलले नाही. तू डोक्यावर बसली असतीस.

तिथल्या पोरींनी तुझं नाव 'मच्छीवाली' ठेवलं होतं, हे पाळीवर पडून सांगितलं नाहीस. ते पुष्कळ दिवसांनी, झोपताना, भिंतीकडे तोंड करून सांगितलंस. जेवणाच्या टेबलावर तू हातानं भात कालवलास की त्या एकमेकींना कोपर मारायच्या. एकीनं विचारलं होतं, तुमच्या घरी लोक वाघ खातात का. तू म्हणालीस, "मी म्हटलं, नाही बाई, वाघच आमाले खाते." मी हसले, तू हसली नाहीस. पण तिथल्या मॅडम चांगल्या. दर रविवारी तुला आपल्या घरी नेऊन जेवू घालायच्या. त्यांनीच तुला वर्षभराचं काम नेमून दिलं: गावच्या तलावातल्या बारक्या देशी मासोळ्या दर महिन्याला धरायच्या, नासू नयेत म्हणून फॉर्मालिन नावाच्या औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात घेऊन यायच्या. कोणत्या महिन्यात कोणत्या मासोळीच्या पोटात अंडी पिकतात, ते उघडून बघायचं. हे काम कोणीच केलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात परत येणाऱ्याला त्या पुढं एम.एस्सी.लाही धरून ठेवायच्या.

म्हणून ते धागे. बाटल्या मोजक्याच मिळाल्या, हॉर्लिक्सच्या आणि सरांनी दिलेल्या. सगळ्या महिन्यांच्या मासोळ्या त्यांतच एकत्र कोंबायच्या. कागदाची चिठ्ठी त्या पाण्यात विरघळायची. मग तू जुन्या लुगड्यांच्या काठांचे रंगीत धागे उसवलेस आणि प्रत्येक मासोळीच्या शेपटीला बांधलेस. आषाढाचा हिरवा, दिवाळीचा पिवळा, माघाचा लाल. कोणता रंग कोणता महिना, ते मला पाठ करून घ्यायला लावलंस. बाटल्या तुझ्या घरी, धानाच्या ढोलीमागं, पोत्यानं झाकलेल्या. मासोळी धरून बाटलीत घालायला दर महिन्याला एसटीनं गावी जायचीस, माघारी येऊन हातांच्या वासानं माझं डोकं उठवायचीस. वर्षभर मी तो वास सहन केला, कारण त्या बाटल्यांच्या मागं माझाही नंबर लागला होता.

मग तो वैशाख. आपण दोघी भंडाऱ्याला परीक्षा देत होतो. तू घरी येणार, बाटल्या उचलणार आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघणार, असं ठरलेलं.

आपल्या लोकांची रीत तुला मी काय सांगू? ज्याच्या घरी आपलं लेकरू जेवलं, त्याच्या घरी आपल्या पाण्याची मासोळी गेलीच पाहिजे. नाहीतर ते जेवण अंगावर राहतं. भागाकाकीच्या जिवाला वर्षभर तेच लागलं होतं. पोर मॅडमच्या घरी जेवली, आणि पहिल्या खेपेला आपण रिकाम्या हातानं धाडली. आता दुसऱ्यांदा धाडायची, तर मासोळी कुठून आणायची? पाणी तळाला गेलेलं. सगळा मोहल्ला मिळून एका दिवशी जाळी टाकतो, त्याच्या आधी महिनाभर तलाव बंद. त्या महिन्यात कोणी काठावर गळ टाकला तरी पंचायत बसते. घरात मासोळी होती ती फक्त ढोलीमागं.

काकीनं बाटल्या उघडल्या. औषधाचा उग्र वास आला. तिला वाटलं, पोरीनं मॅडमसाठी जमवून ठेवल्या खऱ्या, पण शिकल्या-सवरल्या पोरीला मासोळी टिकवता कुठं येते? औषधात घालून नासवल्या. तिनं त्या सगळ्या पाण्यामागून पाण्यानं धुतल्या. पोटं काढून फेकली. हळद-मीठ लावून छपरावर उन्हात घातल्या. आणि धागे तेवढे एकेक करून सोडवले, मॅडमच्या घशात अडकायला नको म्हणून.

आपण दोघी घरी पोचलो तेव्हा ती अंगणात बसून पुडी बांधत होती. काय खूश होती! "पाय वच्छे, कशा कडक वाळल्या. वासही गेला. मॅडमले म्हणजो, मायनं धाडल्या."

मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही किंचाळणार, डोकं आपटणार. तू पुडी हातात घेतलीस. वास घेतलास. म्हणालीस, "लय झ्याक झाल्या वो माय." आणि परसात गेलीस.

मी मागून आले तर तू उकिरड्यात दोन्ही हात घालून ते धागे शोधत होतीस. मी म्हटलं, "आता धागे घेऊन काय करतेस? कोणता कोणाचा, कसं कळेल?" तू ऐकत नव्हतीस. हिरवा सापडला, लाल सापडला. ते राखेनं माखलेले धागे मुठीत धरून तू तिथंच बसलीस. अशी रडलीस वच्छे, की तोंडातून आवाज निघत नव्हता.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, जा. तशीच जा, पुडी घेऊन जा. मॅडमला खरं सांग. त्या हसतील आणि अजून एक वर्ष देतील. तू म्हणालीस, "मॅडम हसन तं हसू दे. पण त्या पोरी? मायनं मासोळी धुऊन वाळवली, हे त्या जेवणाच्या टेबलावर सांगतीन. मले मच्छीवाली म्हणतात, म्हणू दे. माह्या मायवर नाही हसू देणार मी." मी म्हटलं, त्या कोण लागून गेल्या? तू म्हणालीस, "तू गेली नाहीस तिथं. तुले नाही समजत."

खरंच, मी गेले नव्हते. पुढंही गेले नाही.

तू मायला सांगितलंस की मॅडम यंदा विलायतेला गेल्या, उन्हाळ्याचं काम बंद आहे, त्या परतल्या की पुडी सरांच्या हातून पाठवते. ती पुडी आपण पाळीवर पुरली. औषधाच्या मासोळ्या कुत्र्याच्या पोटात जायला नकोत म्हणून तू वर धोंडा ठेवलास. आणि सरांना काय सांगितलंस? "घरचे नाही म्हणतात." अगं, घरचे! तुझ्या घरी होतं कोण? एक भागाकाकी, जी सगळ्या मोहल्ल्याच्या तोंडाला लागून तुला गाडीत बसवून आली. तिला हसण्यातून वाचवायला गेलीस आणि तिच्यावरच बोल ठेवलास. सरांनी ते तसंच मुंबईला कळवलं. तिथं कोणाला नवल वाटलं नाही. आपल्यासारख्या घरांबद्दल त्यांना हेच ऐकायची सवय. एक जण म्हणे सरांना म्हणाला, "आम्ही दार उघडतो, पण हे लोकच मुलींना पाठवत नाहीत." पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलाला गेली. सरांनी मला बोलावून सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. नंतर आपल्या कॉलेजला त्यांनी विचारलंच नाही.

हे तुला ठाऊक होतं. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी बोलले नाही. आज बोलते. वच्छे, तुझ्या त्या तीन शब्दांत माझाही उन्हाळा बुडाला. मलाही ते अंड्यातले डोळे बघायचे होते गं. मी आजपर्यंत सूक्ष्मदर्शकात कांद्याच्या पापुद्र्याच्या पुढं काही बघितलं नाही. माझ्या शाळेत तर सूक्ष्मदर्शकच नाही. तू मुंबईहून माझ्यासाठी आणलेलं भिंग आहे, बस्स. पोरं त्यातून मुंगी बघतात आणि ओरडतात. मी त्यांना सांगत नाही की ते अंड्यातले डोळे खरोखर बघायला मिळतील अशी जागाही असते. कशाला सांगू? पाठवणार आहे का कोणी त्यांना?

तू जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये संसार मांडलास. नवरा चांगला मिळाला, हे खरं. पण दर उन्हाळ्यात तू माहेरी यायचीस आणि काकी पुडी बांधून तयार असायची. मुंबईच्या मॅडमसाठी! पहिली पुडी मॅडमला फार आवडली, असं तूच सांगून ठेवलेलं ना. मग परत जाताना तू लाखनीला उतरायचीस, माझ्या खोलीवर. हायवेच्या ट्रकांचा गोंधळ, स्टोव्हवर भात, आणि मॅडमची मासोळी आपण दोघी खायचो. तू मॅडमसारखा आवाज काढायचीस, "वा वच्छला, व्हेरी टेस्टी!" हसून हसून ठसका लागायचा. आणि मग ताटं तशीच पडलेली असताना भांडण. मी म्हणायची, सांगून टाक मायला. तू म्हणायचीस, "कायले? तिचा जीव जाईन." मी म्हणायची, आणि तुझा गेला त्याचं काय? तू म्हणायचीस, "माहा काही नाही गेला. मी मजेत आहो."

मजेत! क्वार्टरच्या मोरीत बादलीभर पाण्यात बोटरी मासोळ्या पाळायची कोण मजेत असलेली बाई? पोटात अंडी दिसतात का म्हणून उजेडात धरून बघायचीस, नवरा हसायचा. तोवर आपल्या तलावात मासेमारांच्या सोसायटीनं बाहेरच्या मोठ्या माशांचं बीज आणून सोडायला सुरुवात केली. मासा मोठा झाला, वजनाला चांगला. आपल्या बारक्या मासोळ्या जाळ्यात कमी कमी येत गेल्या. तुझ्या धाग्यातल्या काही तर आता दिसतच नाहीत. त्यांच्या पोटात अंडी कधी पिकायची हे बघणारी एकच बाई होती, तीही गेली. आता कोणालाच ते कळायचं नाही. संपलं ते.

गेल्या उन्हाळ्यात मी जरा जास्तच बोलले. "कधी सांगशील मायला? मेल्यावर?" तू ताट सारून उठलीस, चपला घातल्यास आणि मिळेल त्या गाडीत बसलीस. तेच आपलं शेवटचं जेवण.

तेरवी झाल्यावर मी लाखनीला आले. चार-पाच दिवसांनी सकाळी दारात भागाकाकी. एकटी, एसटीनं, डोक्यावर टोपली. म्हातारी किती झिजली गं! तिच्यापेक्षा टोपली मोठी दिसत होती. मी हात धरून आत घेतलं. पाणी दिलं, ते तिनं तसंच खाली ठेवलं.

म्हणाली, "कमल, तुह्या शाळेत ते औषध असन ना? वच्छी मासोळी ठेवत होती ते?"

टोपलीवरचं ओलं फडकं तिनं बाजूला केलं. आत बारक्या मासोळ्या होत्या. बोटरी, आणि आता न दिसणाऱ्यांपैकीही दोन-चार. तलाव बंद असताना पंचांच्या पाया पडून धरायला लावलेल्या. आणि प्रत्येक मासोळीच्या शेपटीला धागा. पिवळा.

मी एक धागा बोटात धरून बघितला. म्हटलं, "काकी, तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ती उकिरड्यात हात घालून धागे शोधत होती, ते मी पायलं. तवाच समजलं का मी पोट्टीचं काहीतरी मोठं नासवलं. काय नासवलं ते नाही समजलं. विचारलं असतं तं तिले सांगा लागलं असतं."

"मग दरसाल पुडी कशाला बांधत होतीस?"

"पुडी बांधली म्हणजे तिले वाटे, मायले काही मालूम नाही. तिच्या जिवाले तेवढंच बरं." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "रंग बरोबर आहे का वो? मले तिचे रंग नाही येत. घरात पिवळाच होता."

बरोबर नव्हता, वच्छे. पिवळा दिवाळीचा. मी म्हटलं, "बरोबर आहे."

मी तुला म्हणायची, सांग, सांग. तिला ठाऊकच होतं! तू तिच्यासाठी गप्प, ती तुझ्यासाठी गप्प, आणि दोघींच्या मध्ये मी मॅडमची मासोळी खात बसले. कोणाला शिव्या देऊ? त्या हसणाऱ्या पोरींना? त्या आता कुठं असतील, त्यांना तुझं नावही आठवत नसेल. मॅडम केव्हाच निवृत्त झाल्या. या टोपलीची जगात कोणालाही गरज नाही, आणि भागाकाकी मला विचारत होती, "मॅडमले पोचतीन ना?"

मी म्हटलं, "पोचतील."

तिला गाडीत बसवून आले. शाळेत फॉर्मालिन कुठलं? खडू मिळायची मारामार. डॉक्टरकडे विचारलं, त्याच्याकडेही नव्हतं. ऊन तर असं, की दुपारपर्यंत मासोळ्यांना वास सुटायला लागला. मग मला येत होतं तेवढंच केलं, काकीनं केलं होतं तेच. पाण्यामागून पाण्यानं धुतल्या, हळद-मीठ लावलं आणि छपरावर उन्हात घातल्या. पोटं उघडली नाहीत. धागे काढले नाहीत.